फाळक्यावरचं रोपटं

कर्जतला टेंपो रंगवणारे एक काका आहेत. दर दसऱ्याला माझ्या टेंपोच्या मागच्या फाळक्यावर ते डोंगर काढतात आणि माथ्यावर, मी सांगतो म्हणून, एकच झाड. पहिल्या वर्षी त्यांनी झाडाशेजारी दोन पानांचं रोपटंही काढलं.

"काका, एकटं झाडच शोभतं. ते पुसा."

"पुसतो रं," म्हणाले आणि चहाला निघून गेले.

पुढच्या दसऱ्याला रोपटं बोटभर वाढलेलं होतं.

आता त्यांचा हात कापतो. यंदा काम दुसऱ्याला द्यायचं ठरवलं आणि तेवढं सांगायला गेलो. काका फाळक्यासमोर उकिडवे बसून जुनं रोपटं निरखत राहिले.

"यंदा फांदी फुटंल याला," म्हणाले.

मी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.