पहिल्या दोन गिअरचा जोर

गाडी दारात आली की चाचा आधी तिच्या पुढच्या टायरवर तळहात ठेवायचे. तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. मालक काय तक्रार सांगतोय तिकडे त्यांचं लक्षच नसायचं. हात उचलून म्हणायचे, "थांबा जरा, हिला बोलू द्या."

हे पाहून लोक खूश व्हायचे आणि माझ्या पोटात दुखायचं.

आमची दुकानं नांदेडमध्ये शेजारीशेजारी होती. मधे फक्त एक पत्रा. पत्र्याच्या पलीकडे चाचांचं चाकं सरळ करायचं आणि गाडीखालचं काम करायचं शेड, अलीकडे माझी काचेची केबिन. मी विष्णुपुरीला इंजिनिअरिंग केलेला माणूस. लॅपटॉप जोडून गाडीच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलायची आणि तिचा जोर वाढवून द्यायचा, हा माझा धंदा. चाचा सातवी शिकलेले. जाड भिंगाचा चष्मा, खिशात कायम बडीशेपेची डबी. वयाने माझ्या वडिलांएवढे, तरी मला "साहेब" म्हणायचे. तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल. तो कुणाचंच काही वाईट करत नाही आणि म्हणूनच त्याच्यावर रागावणं फार अवघड जातं.

लातूरच्या एका डाळमिलवाल्यांची मुलगी दातांची डॉक्टर होती. आठवड्यातले दोन दिवस ती नांदेडला पेशंट बघायला यायची. गाडी स्वतः चालवायची आणि जोरात चालवायची. टर्बो पेट्रोल गाडी, पुढची चाकं ओढणारी. "सर, उसाच्या ट्रॉल्यांना ओव्हरटेक करताना जीव कमी पडतो," म्हणाली. मी तिच्या गाडीचा जोर चांगला वाढवून दिला. पहिल्या दिवशी चक्कर मारून आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता. "सर, पाठ सीटला चिकटते!" हे वाक्य ऐकायलाच मी हा धंदा काढला होता.

पंधरा दिवसांनी तक्रार आली. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की पुढची चाकं जागच्या जागी फिरतात, स्टिअरिंग हातातून ओढल्यासारखं होतं आणि गाडी थडथडते. याचं कारण मला माहीत होतं. जोर एकदम आला की गाडी मागे बसते, नाक वर होतं आणि ज्या चाकांनी ओढायचं त्यांच्यावरचंच वजन कमी होतं. पण मी म्हटलं, "टायर बदला." रुंद, मऊ रबराचे टायर बसवून दिले. थोडा फरक पडला. मी खूश, ती अर्धी खूश.

मग लातूरला ते घडलं. आडत बाजाराजवळच्या वळणावर कुठल्याशा टेम्पोतून सोयाबीन सांडलं होतं. ही आडव्या रस्त्याने येऊन मोठ्या रस्त्याला लागत होती. उजवीकडून ट्रक येताना दिसला म्हणून पटकन निघून जावं, या विचाराने तिने पाय दाबला. चाकं सोयाबीनवर गरगर फिरली आणि गाडी तिथेच. ट्रक वीतभर अंतरावर येऊन थांबला.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या केबिनमध्ये येऊन बसली. पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरला होता.

"सर, त्या ड्रायव्हरचा चेहरा अजून दिसतोय मला."

"सोयाबीनवर कुणाचीही गाडी घसरेल," मी म्हणालो.

तिने ग्लास टेबलावर ठेवला, उठली आणि पत्र्याच्या पलीकडे गेली.

मी काचेतून सगळं बघत होतो, हे कबूल करतो. चाचांनी टायरवर हात ठेवला. चपला बाहेर काढून गाडीत बसले, गाडी विष्णुपुरीच्या रस्त्याला घेऊन गेले आणि अर्ध्या तासाने परत आले. गाडी वर उचलली, खाली वाकले, डॉक्टरीणबाईंनाही वाकायला लावलं.

"हे रबर बघा. याच्यावर इंजिन बसतंय. फाटलं हाय. तुम्ही पाय दाबला की इंजिनच मागंपुढं झुलून राहिलंय. मग चाकं उड्या मारणार न्हाई तर काय!"

रबर बदललं. टायरमधली थोडी हवा सोडली, कारण रुंद टायरमध्येही मी पहिल्याएवढीच ठासून भरली होती. चाकांचा कोन नीट केला. मग तिला विचारलं, "डॉक्टर, दाढ काढताना एकदम झटका देता का?"

"छे! आधी हलवून सैल करून घेते."

"मग पाय बी तसाच चालवायचा. आधी गाडीला कळू द्या की तुम्ही निघालात. मग मागा काय मागायचं ते."

ती हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा हसली असावी. आणि मला त्या हसण्याचा हेवा वाटला. ट्रकखाली जाता जाता वाचलेली बाई हसते आहे, तर बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

जाताना तिने विचारलंच, "चाचा, सरांचं काम चुकलं होतं का?"

मी पत्र्याजवळ सरकलो. पत्र्याला कान असतात हे चाचांना माहीत होतं.

"न्हाई न्हाई. साहेबांचं काम बराबर हाय. खालचं फाटलेलं रबर त्यांना वरून कसं दिसंल?"

ती गेल्यावर चाचा माझ्या काचेच्या दाराशी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चपला बाहेर काढल्या आणि उभ्याउभ्याच हळू आवाजात म्हणाले, "साहेब, पहिल्या दोन गिअरला जोर कमी करा. तिसऱ्यापासून द्या की सगळा. ते तुमच्या हातात हाय, माझ्या पान्यात न्हाई."

खरं सांगू? हे मला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं. दहा मिनिटांचं काम. पण पहिल्या दोन गिअरचा जोर उतरवला की पाठ सीटला चिकटत नाही, आणि ते वाक्य ऐकायला मिळत नाही. त्या वाक्यासाठी मी एका बाईला ट्रकसमोर उभं केलं होतं. चाचांना हे कळलं होतं आणि त्यांनी ते झाकलं होतं.

पुढच्या खेपेला मी सेटिंग बदललं. गाडी रेघ मारल्यासारखी सरळ निघाली. डॉक्टरीणबाईंनी मला "थँक यू सर" म्हटलं. चाचांसाठी तिने घरून धपाटे आणि दह्याचा डबा आणला. त्यातला एक धपाटा चाचांनी मला पाठवला. मी तो खाल्ला नाही.

त्यानंतर पंधरावीस दिवसांनी एका गिऱ्हाइकाने सहज विचारलं, "खालचं काम चाचांकडं करू का?" मी लॅपटॉपवरून नजर न उचलता म्हणालो, "करा. पण चाचांना आता नीट दिसत नाही म्हणतात."

एवढंच वाक्य. मी ते दुसऱ्यांदा बोललो नाही, बोलावंच लागलं नाही. जाड चष्मा तर सगळ्यांना दिसतच होता. हळूहळू शेडपुढच्या गाड्या कमी झाल्या. चाचा दुपारी खुर्ची टाकून बसू लागले. उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांनी शेड सोडलं आणि हदगावला मुलीकडे राहायला गेले. निघताना माझ्याकडे येऊन बडीशेप दिली. "येतो साहेब," म्हणाले. माझ्या वाक्यामुळे गेले की मुलीच्या आग्रहामुळे, ते मला आजही माहीत नाही.

आठ महिन्यांनी मी हदगावला गेलो. कामाचं निमित्त काढलं होतं, काम नव्हतं. जावयाच्या ट्रॅक्टरच्या पार्टच्या दुकानात चाचा काउंटरमागे बसले होते आणि भोवती पाचसहा शेतकरी. माझ्या केबिनमध्ये माणसं काम होईपर्यंत घड्याळ बघत बसतात. इथे काम झालेली माणसंही उठत नव्हती.

"या या साहेब!" चाचांनी स्वतःची खुर्ची दिली. "हे आमचे नांदेडचे इंजिनिअर साहेब. गाडीच्या डोक्यात हात घालत्यात."

शेतकरी पांगेपर्यंत मी वाट पाहिली. मग म्हणालो, "चाचा, तुम्हाला दिसत नाही असं मी एकाला बोललो होतो."

"हाव, म्हाईत हाय," ते चहा बशीत ओतत म्हणाले. "तो माणूस तसाच उठून माझ्याकडंच आला होता की. म्हणला, शेजारचे साहेब असं म्हणून राहिलेत."

"मग तुम्ही मला काहीच का बोलला नाहीत?"

"काय बोलू? मलाबी तुमचा लई राग होता." ते बशी माझ्याकडे सरकवत हसले. "तुम्ही ती पेटी उघडली की माझ्या शेडातली माणसं बी उठून तुमच्या काचेला नाक लावायची. मी चाळीस वर्षं गाडीखाली लोळलो, आन् तुम्ही खुर्चीवर बसून बोटानं जोर वाढवायचा! एकदा तर वाटलं, साहेबांच्या दारात खिळे टाकावे. मूठभर घेऊन उभा बी राहिलो होतो."

"मग?"

"मग काय! पंक्चर काढायला माझ्याकडंच येणार तुम्ही."

आम्ही दोघंही हसलो. मी जरा जास्तच वेळ हसलो. जे सांगायला मला इतके महिने आणि एक खोटं निमित्त लागलं, तसलंच ते चहा ओतता ओतता सांगून मोकळे झाले होते. हेव्यातसुद्धा हा माणूस माझ्यापेक्षा सरस निघाला.

मी उठलो तेव्हा एक शेतकरी हातात ट्रॅक्टरचा तुटलेला पट्टा घेऊन आत आला. चाचांनी चष्मा कपाळावर सारला, पट्टा डोळ्यांपाशी नेला आणि त्याची तुटलेली कड बोटांनी चाचपत बसले. मी निघतो म्हणालो, ते त्या नादात त्यांना ऐकू गेलं नाही.