नाव न घेता

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक गृहस्थ रोज सकाळी एक शब्द टाकतात आणि त्याखाली शब्दकोशात शोभेल असा अर्थ. परवाचा शब्द होता 'अतिक्रमण'. अर्थ : 'स्वतःची जागा असूनही दुसऱ्याच्या जागेत पाय पसरणे.' पुढे नमस्काराचे दोन हात. आदल्या दिवशी कोणाची गाडी कोणाच्या पार्किंगमध्ये उभी होती हे सगळ्या इमारतीला ठाऊक असतं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई लगेच 'अगदी समर्पक!' असं लिहितात, आणि ज्यांची गाडी होती ते दिवसभर गप्प बसतात.

मला याचा मनापासून कंटाळा आलाय. राग येत नाही, हसू तर नाहीच येत. फोन पालथा ठेवावा आणि चहा प्यावा एवढंच वाटतं. सोसायटीत माझ्याबद्दल असा समज आहे की या बाईला विनोद कळत नाही. कळतो हो. हिंजवडीतल्या एका कंपनीत हाच उद्योग मी दोन वर्षं रोज केलाय, आणि या गृहस्थांपेक्षा पुष्कळ बरा केलाय.

सॉफ्टवेअर कसं वापरायचं याची पुस्तकं लिहिणं हे तिथे माझं काम होतं. पुस्तकाच्या शेवटी पारिभाषिक शब्दांची सूची असे, तीही मीच करायची. एका शब्दाला एक ओळ, पाल्हाळ नाही, वाचणाऱ्याला शंका राहता कामा नये. हाताला ते वळण लागलं होतं. जिभेचं वळण मात्र सदाशिव पेठेतलं. आमच्या घरी कोणी कोणाला थेट बोलत नसे. वडिलांना भाजी खारट लागली तर ते आईला काही म्हणायचे नाहीत, मला विचारायचे, ''काय गं, आज मीठ स्वस्त झालंय का?'' आई आतून ऐकायची आणि तीही मलाच उत्तर द्यायची. मी मध्ये बसून जेवायचे.

कंपनीत आमची चौदा जणांची टीम होती. प्रत्येकाच्या संगणकावर एक मेसेंजर असायचा. त्यात नावापुढे हिरवा ठिपका, आणि नावाखाली आपल्याला हवी ती एक ओळ लिहिता यायची. तिला स्टेटस म्हणायचे. कोणी 'मीटिंगमध्ये' लिहायचं, कोणी क्रिकेटचा स्कोअर. संगणकावर देवनागरी नुकती नीट दिसायला लागली होती. मी एक दिवस गंमत म्हणून लिहिलं, 'आयतोबा (पु.) : दुसऱ्याने केलेल्या कामाचा मेल स्वतः पाठवणारा.' अर्ध्या तासात आख्खा मजला ते वाचून गेला. कोणावर आहे हे सांगावं लागलं नाही, कारण त्या माणसाने तसा मेल त्याच सकाळी पाठवला होता.

मग तो रिवाजच पडला. रोज नऊ वाजता माझा अर्थ लागायचा आणि लोक बॅग ठेवायच्या आधी तो बघायचे. 'बोलघेवडा', 'तोंडपुजा', 'कांगावा'. नाव कधीच नाही. नाव घेतलं असतं तर भांडण झालं असतं, एचआरकडे तक्रार गेली असती. नाव न घेतल्यामुळे ती नुसती शाब्दिक करमणूक राहायची. ज्याला लागायचं त्याची पंचाईत अशी की, तो उठून विचारायला आला तर टोपी आपल्याच डोक्यावर बसते हे त्याने कबूल केल्यासारखं व्हायचं. मला तो प्रकार फार आवडायचा. आज लिहिताना सुद्धा, खोटं कशाला बोलू, थोडा आवडतो.

हे अर्थ सगळ्यात आधी माझी मैत्रीण ऐकायची. ती नागपूरची, आमच्याच टीममध्ये टेस्टिंग करायची. दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. आम्ही दोघी टिळक रोडला कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसायचो आणि दुपारी एकत्र डबा खायचो. तिच्या डब्यात आठवड्यातून दोनदा तरी पाटवडीचा रस्सा असे आणि मी निम्मा संपवत असे. तिच्या आजोबांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. वडील सरकारी नोकरीत, दोन्ही मुलींना इंजिनियर केलेलं. ती पुण्यात आली तेव्हा आमच्याच पेठेत खोली बघायला गेली होती. तीन ठिकाणी खोली दाखवली, पाणी किती वाजता येतं ते सांगितलं, आणि आडनाव ऐकल्यावर खोली कालच गेल्याचं लक्षात आलं. शेवटी तिला खडकवासल्याच्या रस्त्याला जागा मिळाली. तिथून ती दोन बस बदलून टिळक रोडला यायची. ही हकिगत तिने मला हसत सांगितली होती आणि मीही हसले होते. तेव्हा आम्हाला तेच सोपं होतं.

एका शुक्रवारी साहेबांचा मेल आला. त्यात दोन बातम्या होत्या. एक, टीममधल्या एका गृहस्थांना लीड, म्हणजे टीमचं प्रमुख, केलं होतं. दुसरी, माझी मैत्रीण अमेरिकेत ग्राहकाच्या ऑफिसात वर्षभर जाणार होती. त्याला ऑनसाइट म्हणायचे आणि त्यासाठी माणसं देव पाण्यात घालून बसायची. तिच्या बातमीने मला आनंद झाला. त्या गृहस्थांच्या बातमीने माझा तिळपापड झाला. हे गृहस्थ सहा महिने साहेबांच्या मागेमागे फिरत होते, त्यांच्या मुलीच्या प्रोजेक्टला पुठ्ठे कापून देत होते, आणि आता माझं अप्रेझल, म्हणजे वर्षभराच्या कामाचा शेरा, तेच लिहिणार होते.

सोमवारी नऊ वाजता मी लिहिलं, 'पात्रता (स्त्री.) : एखाद्या जागेसाठी अंगी असावी लागणारी लायकी. ही मागून मिळत नाही, आणि जागा मागून मिळाली तरी येत नाही.' शनिवार-रविवार घासूनपुसून केलेलं वाक्य होतं. मी स्वतःवर खूश होते.

अकरा वाजता चहाच्या मशीनपाशी एक सहकारी माझ्याजवळ आला. ''आज एकदम बरोबर लावलास,'' तो म्हणाला. मला वाटलं लीडबद्दल बोलतोय. मग तो हळूच म्हणाला, ''अ‍ॅडमिशनपासूनच सवय ना त्यांना. आता अमेरिकासुद्धा.'' आणि त्याने मैत्रिणीच्या टेबलाकडे मान वळवली. तिथे आणखी दोघं हसत होती. ती स्क्रीनकडे बघत होती, पण तिच्या हातातला माउस हलत नव्हता.

त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं, अरे मूर्खा, तिच्यावर नाही, लीडवर आहे. सहा शब्द. पण लीड चार पावलांवर उभा होता, कपात साखर ढवळत. आणि त्यालाही वाटत होतं की अर्थ तिच्यावर आहे, कारण तोही हसत होता. मी काय केलं? मीही हसले. फार नाही, चारचौघांत राहायला लागतं तेवढंच. मी कप उचलला आणि जागेवर येऊन बसले. माझ्या मनात तिच्याबद्दल काही नव्हतं हे मी नंतर स्वतःला शेकडो वेळा सांगितलंय, आणि ते खरंही आहे. पण त्याचा तिला काय उपयोग?

संध्याकाळी बसमध्ये ती खिडकीशी बसली. औंधच्या सिग्नलपाशी बाहेर बघतच म्हणाली, ''लोक माझ्याकडे पाहून हसून राहिले होते आज.''

''अगं, तो तुझ्यावर नव्हताच,'' मी म्हणाले. ''तुला माहितीये कोणावर होता.''

''मला माहीत आहे. त्यांना नाही माहीत.'' ती माझ्याकडे वळली. ''उद्या सांगशील नं सगळ्यांना? फक्त एवढंच की माझ्यावर नव्हता. मला दोन आठवडे अजून या लोकांसोबत बसायचंय. तिथे गेल्यावर रोज यांच्याशीच फोनवर काम करायचंय. यांना वाटलं नं, की मला असंच मिळालं, तर माझं प्रत्येक काम दोनदा तपासतील.''

''सांगते,'' मी म्हणाले.

घरी येऊन मी विचार करत बसले. तिच्यावर नव्हता असं सांगितलं की पुढचा प्रश्न येणार, मग कोणावर होता? आणि अप्रेझल तीन आठवड्यांवर. शिवाय, हे लिहिताना लाज वाटते, पण स्टेटसवर कधी खुलासा द्यायचा नसतो असा मी स्वतःच एक नियम करून ठेवला होता. खुलासा दिला की मजा गेली. मग मला एक युक्ती सुचली, आणि ती मला चांगली वाटली, यावरून मी किती कामातून गेले होते ते कळावं.

मंगळवारी नऊ वाजता मी लिहिलं, 'गैरसमज (पु.) : बाण कोणाकडे जातोय हे न बघता जवळच्याला जखमी समजणे.'

मला वाटलं, झालं. सांगितलं. नेमकं, नेटकं, कोणाला न दुखावता. माफी मागायची वेळ आली तरी मला सरळ वाक्य सुचलं नाही, आणि सुचलं नाही याचा मला अभिमान वाटत होता. टीमला वाटलं, मैत्रिणीवरच दुसरा अर्थ निघाला. एकाने मला अंगठा दाखवला.

दुपारी मी डबा घेऊन नेहमीच्या टेबलाशी गेले. ती आली नाही. ती जागेवर बसून एका हाताने पोळी खात होती आणि दुसऱ्या हाताने टाइप करत होती. मी जाऊन उभी राहिले तेव्हा म्हणाली, ''हँडओव्हर आहे गं, सगळं काम दुसऱ्याला सोपवायचंय, वेळ नाही.'' आवाज अगदी साधा होता. बसमध्ये ती पुढच्या सीटवर बसू लागली. दोन आठवड्यांनी ती गेली. जाताना सगळ्यांशी हात मिळवले तसे माझ्याशीही मिळवले.

तिला ज्याची भीती होती ते तसंच झालं. रोजच्या फोनवर तिने एखादी चूक दाखवली की इकडे कोणीतरी म्युट दाबून म्हणायचं, ''बघून घ्या रे, मॅडमची पात्रता.'' आणि सगळे माझ्याकडे बघायचे, शब्द माझा म्हणून, मानाने. तिने काढलेल्या चुका खऱ्याच निघायच्या. तरी प्रत्येक चूक इथे पुन्हा तपासली जायची. ती वर्षभरासाठी गेली होती, ती परत आलीच नाही. तिकडेच दुसरी नोकरी धरली. मी तिला दिवाळीला मेल करायचे, ती दोन ओळींचं उत्तर द्यायची. स्टेटस मी त्याच महिन्यात बंद केलं. लोकांनी कारण विचारलं तेव्हा काम वाढलंय असं सांगितलं.

गेल्या वर्षी कोणीतरी त्या जुन्या टीमचा ग्रुप काढला. चौदाच्या चौदा जण सापडले. कोणी टक्कल दाखवलं, कोणी नातवंड. तिचाही नंबर त्यात होता. आठवडाभर मी तो नुसता बघत होते. मग तिला वेगळा मेसेज लिहिला, आयुष्यातला पहिला सरळ मेसेज म्हणायला हरकत नाही. तो शब्द तुझ्यावर नव्हता, लोकांचा चुकीचा समज मला दिसत होता, लीडला घाबरून मी गप्प बसले आणि वर हसले. तुझं नुकसान माझ्यामुळे झालं. मला माफ कर.

तासाभराने तिचा फोन आला. आवाज तोच, फक्त थोडा जाड झालेला.

''अगं, मला तू काय सांगून राहिलीस?'' ती म्हणाली. ''मला तर तेव्हाच माहीत होतं. मी तुझ्यावर कधी शंका घेतलीच नव्हती. मी तुला एकच काम सांगितलं होतं.''

''हो,'' मी म्हणाले.

''ते काम राहिलंच तुझं,'' ती म्हणाली, रागाने नाही, एखाद्या जुन्या नोंदीवर बोट ठेवावं तशी. मग तिने माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, दिवाळीच्या मेलमध्ये मी त्यांचं रडगाणं लिहिलं होतं.

फोन ठेवल्यावर मी ग्रुप उघडला. लीडचं नाव लिहिलं, तिचं नाव लिहिलं, आणि जे झालं ते पाच ओळींत सांगितलं. इतक्या वर्षांनंतरही मला त्या माणसाची भीती वाटत होती, ज्याच्याकडे आता माझं अप्रेझल तर सोडाच, माझा पत्ताही नव्हता.

सगळ्यात आधी त्याचंच उत्तर आलं. हसरा चेहरा, आणि खाली : 'खरंय, मी तेव्हा लायक नव्हतोच. साहेबांना बराच मस्का मारला होता!' चहाच्या मशीनपाशी जो माझ्याशी बोलला होता त्याने विचारलं, 'कोणता शब्द गं? काहीच आठवत नाही.' आणखी दोघांनी तेच विचारलं. मग कोणाचा तरी वाढदिवस निघाला आणि केकची चित्रं सुरू झाली.

मी वर जाऊन माझा मेसेज पुन्हा वाचला. त्या मंगळवारी लिहिला असता तर तो सगळ्यांनी वाचला असता. आता तो वाचणारी ती एकटीच उरली होती, आणि तिला तो वाचायची गरज कधीच नव्हती.