सुंगांचा पैसा आणि आईची चिंच

नाणी जमवणाऱ्या माणसाकडे नाणी हळूहळू जमतात, फजित्या मात्र भराभर. माझ्या फजित्यांना आता अल्बम पुरेना झालाय, म्हणून हे सांगत बसलोय.

आमचा नाणीवाल्यांचा क्लब डून लेरी या आयरिश गावात एका भाड्याच्या हॉलमध्ये भरतो. पाच-सहा टाळकी. अध्यक्ष फ्रँक, रिटायर्ड पोस्टमन, भिंग कायम गळ्यात. मी तासाभरावरच्या टॅलाहून जातो. आठवडाभर सॉफ्टवेअर, महिन्यातला एक शनिवार जुना चीन. क्लबात काचेचं एक कपाट आहे. नोव्हेंबरच्या प्रदर्शनात प्रत्येक मेंबरची एक वस्तू त्यात लागते. फ्रँक माझ्या नावाची पाटी दरवर्षी न चुकता लावतो. वस्तू मात्र नसते, कारण मी नेलेलं प्रत्येक नाणं नकली निघतं. लोक येतात, पाटी वाचतात, रिकाम्या जागेकडे जरा आदराने बघतात आणि पुढे जातात.

त्या कपाटात एकदा तरी माझं काहीतरी लागावं, एवढंच माझं मागणं होतं.

*

पहिल्याच वर्षी मी चिनी नाण्यांवर प्रेझेंटेशन दिलं. ऑफिसात क्लायंटसमोर बोलणारा माणूस मी, इथे कशाला घाबरतोय? चिनी लोक नाण्याच्या चौकोनी भोकातून दोरी ओवून माळा करायचे, त्या माळा वाहून वाहून खांदे मोडायला लागले, तेव्हा जगात पहिल्यांदा कागदी नोट निघाली, हे सगळं मी ॲनिमेशनसकट सांगितलं. पडद्यावर दरवाजाएवढं नाणं लावून त्याची चार अक्षरं लेझरने दाखवली.

क्लबात मेई नावाची एकच चिनी मेंबर आहे. ती टॅक्स अकाउंटंट आहे आणि जमवते मात्र आयरिश नाणी. फ्रँकने तिला विचारलं, कसं वाटलं?

"छान," मेई म्हणाली. "फक्त नाणं आडवं होतं. मला वाटलं, भारतात तसंच वाचत असतील."

*

मग मी नोटांकडे वळलो. ऑनलाइन एक जुनी चिनी नोट दिसली. वर दाढीवाला राजा, आकड्यापुढे इतकी शून्यं की मी बोट ठेवून वाचली. खाली इंग्रजीत 'हेल बँक' असं छापलेलं होतं. असेल एखादं शहर, म्हटलं. विकणाऱ्याने एकीच्या जागी अख्खं पुडकं पाठवलं, तेव्हाही मला शंका आली नाही. उलट माणूस मनाचा मोठा वाटला.

क्लबात मेईने नोट बघितली आणि खुर्चीत बसून घेतलं. "सुनील, ही मेलेल्यांची नोट आहे. आम्ही पितरांसाठी जाळतो. जाळली की वर त्यांच्या हातात पडते."

सगळे माझ्याकडे बघत होते. फ्रँकने नोट भिंगाखाली धरली.

"ग्रँड," तो म्हणाला. "नोट चलनात आहे. फक्त इकडे नाही."

*

यंदा मात्र देव पावला. सुंग राजवटीचं एक ब्राँझचं नाणं मिळालं. शेकडो वर्षांची हिरवट काळी साय अंगावर. फ्रँकने तपासलं आणि खरं आहे म्हणाला. वर हेही म्हणाला, की सुंगांनी ही नाणी इतकी ओतली की आज एकाला बियरच्या दोन पाइंटांपलीकडे किंमत नाही. मला काय त्याचं? खरं होतं ना!

ऐन दिवाळीत आई कराडहून आलेली. लक्ष्मीपूजनाला मी ऑफिसातून घरी आलो, तर चौरंगावर माझं नाणं लखलखत होतं. चिंच आणि मीठ लावून घासलेलं, चौकोनी भोकात कुंकू.

"आरं, असला कळकट पैसा लक्ष्मीम्होरं ठिवत्यात व्हय?" आई म्हणाली.

मी नमस्कार केला. दुसरं काय करणार?

फ्रँकने ते नाणं बघून, कुणी गेल्यावर काढतात तशी टोपी काढली. साय घासून पॉलिश केलेलं नाणं कपाटात लागत नाही, हा नियम त्याच्याही आधीचा आहे.

*

त्याच आठवड्यात मेई फराळाला आली आणि तिने हसत हसत आईला त्या नोटांची गोष्ट सांगितली. मी भाषांतर करत होतो. आईने चकलीचं ताट खाली ठेवलं.

"पोचत्यात खरंच?"

मेई म्हणाली, "माझी आजी दरवर्षी जाळते. पोचल्या नाहीत अशी तक्रार अजून आलेली नाही."

बाबा एसटीत कंडक्टर होते. दोन वर्षांपूर्वी गेले. नाण्यांचा नाद मला त्यांच्याच चामडी पिशवीतून लागला. सुट्ट्या पैशांवरून त्यांनी आयुष्यभर भांडणं केली, आणि घरी येऊन त्या भांडणांच्या नकला करून आम्हाला हसवलं.

"एवढ्या मोठ्या नोटंचं सुट्टं कोण देनार त्यास्नी?" आईने विचारलं.

मेई आणि मी हसलो. आई हसली नाही.

*

बाबांचं श्राद्ध मंगळवारी होतं. दुपारी घरी आलो तर मागच्या अंगणातून धूर. आमच्या बार्बेक्यूवर आजवर फक्त भरताची वांगी भाजली गेलीत. त्याच्यासमोर आई हात जोडून उभी होती. नोटांचं पुडकं संपलेलं.

निखारे निवल्यावर राख भरायला गेलो, तर तळाशी माझं नाणं. काळंकुट्ट.

"आई, हे ह्यात कसं?"

"सुट्टं नगं व्हय त्यास्नी?" तिने नाणं माझ्या हातातून घेतलं आणि पदराने पुसलं. "परत आलं की रं. लागलं नसंल."

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. बराच वेळ मी राखच भरत राहिलो.

प्रदर्शनाच्या दिवशी सगळं फ्रँकला सांगितलं आणि नाणं त्याच्यापुढे ठेवलं. कपाटासाठी नव्हे, उगाच, बघ म्हणून. त्याने भिंग लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग कपाट उघडून माझ्या पाटीवर नाणं ठेवलं आणि खाली आपल्या पोस्टमनी अक्षरात लिहिलं :

"चीन, सुंग राजवट. गेल्या मंगळवारपर्यंत चलनात."