दुसऱ्या बाटलीतले पाणी

महाशिवरात्रीच्या दिवशी सकाळी पावणेनऊच्या सुमारास, चिचगडच्या पुढच्या घाटात, महादेवाला वाहायचे पाणी मी पिऊन टाकले. सगळे नाही, पण बाटली उंच धरून पाहिली तेव्हा तळाशी दोन बोटेच उरले होते. ते पाणी माझे नव्हते. वडिलांच्या नवसाचे होते. वडील ब्याऐंशी वर्षांचे आहेत, आणि त्याच सकाळी ते एसटीने आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडला येऊन महादेवाच्या डोंगराच्या पायथ्याशी माझी वाट पाहणार होते.

नवसाची हकिकत अशी. दोन वर्षांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात माझ्या उजव्या पायाचे हाड दोन ठिकाणी मोडले. आत सळई बसवली. चालाल, डॉक्टर म्हणाले, सायकलचे आताच सांगता येणार नाही. बाबा खाटेशेजारी बसले होते. त्यांनी मला न विचारता महादेवाला बोलून टाकले की हा पुन्हा सायकलवर बसला तर आपल्या तलावाचे पाणी हा सायकलने आणेल आणि मी ते माझ्या हाताने वाहीन. आम्ही कोहळी, पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणारी जात. अर्जुनी तालुक्यातल्या आमच्या गावचा तलाव पूर्वजांनी बांधला असे घरात सांगतात. शिवरात्रीला त्या तलावाचे लोटाभर पाणी प्रतापगडला नेण्याची घरची रीत आहे. वाटेत पाणी जमिनीवर टेकवायचे नाही, एवढा एकच नियम.

माझे या सगळ्याशी नाते बातमीपुरते होते. चोवीस वर्षे वर्तमानपत्रात काढली. यात्रेच्या बातमीत ‘भाविकांची अशी श्रद्धा आहे’ हे वाक्य कितीदा लिहिले, त्याची मोजदाद नाही. लिहिणारा त्या वाक्यात कुठेच सापडत नाही, म्हणून ते मला सोयीचे वाटे. नवस फेडायला मी तयार झालो तो बाबांसाठी, आणि खरे सांगायचे तर सायकलसाठीही. पाय बरा झाल्यावर एक मोठी फेरी करायची, असे मी आणि मी राहतो त्या गोंदियातला माझा मित्र मनोज केव्हापासून म्हणत होतो. मनोजचे हार्डवेअरचे दुकान आहे. दर रविवारी आम्ही दोघे गोरेगाव नाहीतर आमगावपर्यंत जाऊन येतो. या वेळी बेत दोन दिवसांचा होता. आमच्या गावातून निघून नवेगावबांधच्या तलावावरून कोहमारा, तिथून देवरीला मुक्काम. दुसऱ्या दिवशी चिचगड, घाट, इटियाडोह धरण आणि शेवटी प्रतापगड.

निघायच्या पहाटे बाबांनी तलावात गुडघाभर उतरून पितळी लोटा भरला. लोटा घाटातून नेणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी स्वतः ते पाणी माझ्या सायकलच्या बाटलीत ओतले, झाकण लावले आणि वर लाल नाडा बांधला. मग त्यांनी आमचा मार्ग विचारला.

“सरळ वाट असून एवढा फेरा कायले?”

“बाबूजी, सीधे रास्ते में मजा नहीं है,” मनोज म्हणाला.

“मजा पायजे तुमाले? मंग ते बाटली तुमीच गळ्यात घाला.”

सायकलच्या सांगाड्यावर बाटलीच्या दोन जागा असतात. पुढच्या तिरप्या नळीवर प्यायच्या पाण्याची बाटली लावली आणि सीटखालच्या उभ्या नळीवर तलावाची. पहिला दिवस सुखाचा गेला. नवेगावबांधला ऊन वर यायच्या आत पोहोचलो. पाण्यावर धुके होते आणि धुक्यात कुठेतरी बदकांचा कलकलाट चालला होता. दोन वर्षांत इतके अंतर मी कापले नव्हते. पाय दुखत होता, पण ते दुखणे थकलेल्या पायाचे होते, मोडलेल्या नव्हे. हा फरक ज्याला कळला आहे त्याला माझा आनंद समजेल. देवरीला बाटली जमिनीवर ठेवायची नव्हती म्हणून आम्ही ती खोलीच्या खिडकीला टांगली. “इसका तो अलग कमरा लेना था,” मनोज म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चिचगडला चहा घेऊन घाट चढायला लागलो. पळस फुलला होता. चढ लांबलचक आहे. मनोज पुढे गेला. सर्वांत हलका गिअर लावूनही पायडल जड होत गेले, छाती भात्यासारखी चालू लागली. पुढची बाटली संपली. ज्यांनी वर्षानुवर्षे सायकल चालवली आहे त्यांना हे ठाऊक आहे: पहिली बाटली संपली की नजर रस्त्यावरून न हटवता हात आपसूक दुसरीकडे जातो. माझा गेला. हातमोज्यातून नाडा जाणवला नाही. तीन-चार मोठे घोट घेतले, बरेचसे मानेवर आणि उजव्या मांडीवर ओतले, आणि पाचवा घोट तोंडात असताना चव कळली. थोडी मातीची, थोडी कमळाच्या देठाची. लहानपणी तलावात पोहताना नाकातोंडात जायचे तेच पाणी. तीसेक वर्षांत ते मी प्यायलो नव्हतो. क्षणभर फार गोड वाटले. मग हातातल्या बाटलीकडे पाहिले.

माथ्यावर मनोज थांबला होता. त्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, “चलो, प्रसाद पहले ही मिल गया.” मला हसू आले नाही. उतारावर वाऱ्याच्या वेगाने जाताना मी मनात बाबांसमोर करायचे निवेदन पुन्हा पुन्हा लिहीत होतो. एक मजकूर असा होता की कुठल्याही हातपंपावर बाटली भरायची आणि काही बोलायचे नाही. कोणाला कळले नसते. त्यात मी कुठेही पकडला जाणार नाही असा तो मजकूर होता, आणि म्हणूनच तो मला नको झाला. दुसरा मजकूर सुचेना.

अकराच्या सुमारास इटियाडोहच्या कालव्यावरच्या एका लहान पुलाशी मी उतरलो आणि कठड्यावर बसलो. उन्हाळी धानासाठी पाणी सोडलेले होते. कालवा काठोकाठ वाहत होता. मनोज सायकलची साखळी पुसत होता. यात्रेला जाणारी माणसे रस्त्याने चालली होती. त्यातली एक बाई, साठीची असावी, डोक्यावर बेलाच्या पानांची टोपली, माझ्यासमोर थांबली.

“काऊन बसले जी असे? पडले का?”

मी तिला सगळे सांगितले. का सांगितले, ते आजही नक्की सांगता येणार नाही.

“देवाचं पानी पेले? मंग आता देव तुमच्या पोटात गडगड करते का?” ती हसली. “कोनतं गाव तुमचं?”

मी गावाचे नाव सांगितले.

“त्या गावाले तं आमी दरसाल धानाच्या रोवन्याले येतो. तुमच्या तलावात याच नहराचं पानी जाते न.”

“आमचा तलाव पावसाच्या पाण्याचा आहे,” मी म्हणालो.

“होता. दोन सालापासून धाकटा नहर जोडला. सोताच्या गावचं मायीत नाई अन् निंगाले देवाले!” तिने टोपली सावरली. “तुमी तं पान्याच्या मायेरी येऊन बसून राहिले. भरून घ्या न जी.”

मी काठावर उतरून बाटली भरली. तळाशी दोन बोटे तलावाचे, वर कालव्याचे. वर आलो तेव्हा बाई वळणापुढे गेली होती. तिचे नाव मी विचारले नव्हते. चोवीस वर्षे बातमीदारी केलेल्या माणसाने ही चूक करायला नको होती.

बारा वाजता प्रतापगडला पोहोचलो. बाबा नारळाच्या दुकानाच्या सावलीत बसले होते. त्यांनी आधी माझ्या पायाकडे पाहिले, मग बाटलीकडे. मी सायकल उभी केली आणि लगेच सांगून टाकले.

“पेलं का आंगावर घेतलं?” बाबांनी विचारले.

“दोन्ही.”

“त्या पायावर गेलं का?”

“गेलं.”

“मंग आन इकडे. देव का तहानेला बसला आहे?”

“कालवा तलावाला जोडलाय हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत.”

“तू इचारलं कवा?”

मनोजने आणि मी दोन्ही बाजूंनी धरून त्यांना पायऱ्या चढवायला सुरुवात केली. काही पायऱ्यांनंतर त्यांनी आमचे हात झटकले. पिंडीपाशी त्यांनी नाडा सोडून मनगटाला बांधला आणि एका धारेने बाटली रिकामी केली. मी हात जोडले. जे वाक्य इतकी वर्षे इतरांबद्दल लिहिले, त्यात त्या दिवशी मी होतो. माझी तयारी, माझा नियम, माझी बाटली, सगळे घाटात सांडले होते. तरी पोहोचायचे ते पोहोचले. ते माझ्यामुळे पोहोचले नाही एवढे मला कळले, आणि त्याने फार हलके वाटले. परतताना यात्रेत बेलाच्या टोपल्या घेतलेल्या पुष्कळ बाया दिसल्या. आभार मानायला ती सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गावच्या तलावाच्या बांधावर गेलो. शेतांना पाणी वाटून देणारा गावचा पाणकर तिथेच होता. त्याला विचारले. त्याने पूर्वेच्या कोपऱ्याकडे हात केला. इटियाडोहच्या धाकट्या कालव्याचा पाट त्या कोपऱ्यात येतो. पाणी तलावात पडत होते.