ऑर्फाने सरकवलेला दगड

ऑर्फा ट्रेडअवेला काठावर टेकलेलं मी कधी पाहिलं नाही. धरणाखालीच माझं गळ-आमिषांचं दुकान, त्यामुळे खिडकीतून सगळं दिसायचं. नवरा हॉइट नदीच्या मधोमध मांडीभर पाण्यात ट्राउट माशांच्या मागे, आणि ही काठावर येरझारा घालतेय. पायाला नुसती भिंगरी!

"अगं, बस की घटकाभर," मी म्हणायचे.

"तू बस. तुझा नवरा दुकानात आहे."

तेही खरंच. हॉइट ठार बहिरा झालेला. वीजघर सुरू होणार असलं की भोंगा वाजतो, आणि मग बघता बघता पाणी चढतं. बाकीचे भोंग्यावर बाहेर येतात, हॉइट दगडावर. आमच्याकडे आर्कान्सात जुनी माणसं करतात तसंच. पाण्याच्या कडेला एक पांढरा दगड ठेवायचा, अधूनमधून मान वळवून बघायचं, आणि पाणी दगडाला टेकलं की गळ गुंडाळायचा. ऑर्फाच्या खुणांकडे तो बघतच नसे. म्हणायचा, "तू काय, डास चावला तरी हात हलवतेस!"

शेवटी तिने काय करावं? त्याची पाठ वळली की बुटाने दगड हळूच पाण्यात सरकवायची. हॉइट कुरकुरत बाहेर यायचा, आणि हिच्या जिवात जीव यायचा.

"हे अंगाशी येईल हं," मी बजावलं.

"येऊ दे. बाहेर येतोय ना तो?"

आणि आलंच. एप्रिलमध्ये मत्स्यकेंद्राच्या ट्रकने नवे मासे सोडले होते, गळ टाकला की लागत होते. तेवढ्यात भोंगा झाला. या वेळी पाणी खरंच चढलं, दगड बुडाला. हॉइटने वळून पाहिलं आणि हसून बोट नाचवलं.

"सरकवलास ना गं? तुझा तो बूट केव्हाचा पाहतोय मी!" आणि पुन्हा पाठ फिरवली.

ऑर्फा घसा फोडून ओरडली. कुणाला ऐकू येणार? मी जाळीचा लांब दांडा घेऊन धावले, तोवर बाई फ्रॉक-बुटांसकट पाण्यात! जन्मात पोहायला न शिकलेली, बर्फासारख्या पाण्यात कमरेपर्यंत गेली. धरणाकडून लाट अंगावर आली तेव्हा हॉइट वळला, आणि ती दिसल्याबरोबर लागलेला मासा, गळ, सगळं टाकून धावला. त्याने तिची बाही धरली, मी दांडा पुढे केला. तिघंही चिखलात पडलो. मी दोघांना मनसोक्त शिव्या घातल्या.

"मला वाटलं, तुझं नेहमीचंच," हॉइट थरथरत म्हणाला.

"माझंच चुकलं रे," म्हणून ती ढसाढसा रडली.

त्यानंतर हॉइटने नदीचं नाव टाकलं. घरात बसून नुसता गुडघा हलवायचा. खिडकीशी जायचा, फ्रिज उघडायचा, पुन्हा बंद करायचा. जेवण अर्धं टाकायचा. ऑर्फाला हवं तेच झालं होतं, पण ते तिला बघवेना.

शनिवारी ती दुकानात आली. "पाण्यात उतरायची रबरी विजार दे. माझ्या मापाची."

"डोकं फिरलंय का तुझं? तुला पोहता तरी येतं का?"

"नाही," ती म्हणाली. "पण मला ऐकू येतं."