माजलेल्या पेशी

टाचेच्या वर जाड दोरीसारखी जी हाताला लागते, तिला पुस्तकात कंडरा म्हणतात. आमच्या अहमदपूरकडे ती नुसती शीर. नांदेडच्या प्रयोगशाळेत मी माणसाच्या कंडरेच्या पेशी वाढवत होते. ऑपरेशनमध्ये उरलेला नखाएवढा तुकडा एका पेशंटनं परवानगीनं दिला होता. त्यातल्या पेशी प्लेटमध्ये ठेवायच्या, त्यांना ग्रोथ फॅक्टर, म्हणजे वाढीचा निरोप देणारं प्रथिन द्यायचं आणि त्या कोलॅजनचे धागे बनवतात का ते बघायचं. त्या धाग्यांवरच तर कंडरेची ताकद.

माझ्या गाईड मॅडमनी बजावलं होतं, या खेपेला कोलॅजन वाढलं नाही तर पीएचडीचा विषय बदलायचा. तीन वर्षं पाण्यात! मी जात्याच हट्टी, त्यात उतावळी. ठरल्याच्या दुप्पट प्रथिन घातलं आणि वहीत मात्र ठरलेलाच आकडा लिहिला.

पेशींनी प्लेट गच्च भरली. मला आभाळ ठेंगणं झालं. मग तपासणी केली, तर कोलॅजन पहिल्यापेक्षाही कमी.

रविवारी गावी गेले. माय तूर निवडत होती. तिला कळावं म्हणून म्हटलं, "पेशींना लई खत घातलं गं. भरमसाट झाल्या, पण कामच करेनात."

तिनं मान वर केली नाही. "माजल्या असतील. सोयाबीनला युरिया जास्त झाला की कमरेला लागतंय, शेंगा मात्र न्हाईत. हे तुला सांगावं लागायलंय?"

हसू आलं आणि लाजही वाटली. असं हिरवंगार, बिनशेंगांचं रान मी डोळ्यांनी बघितलेलं. पण खरी लाज वहीतल्या आकड्याची होती. तो तसाच राहिला तर ठरलेल्या मात्रेत ते कुचकामी, असा बिचाऱ्या प्रथिनावर ठपका बसणार होता. परतीच्या एसटीत ठरवलं, विषय गेला तरी चालेल, खोटं राहायचं नाही.

सोमवारी मॅडमपुढे वही ठेवली. "आकडा खोटा आहे. मी दुप्पट घातलं होतं."

त्यांनी वही ओढून तो आकडा वाचला. मग म्हणाल्या, "म्हणजे दोष तुझा."

"हो, मॅडम." त्या पेशंटच्या पेशींची गोठवलेली एकच नळी उरली होती. मी तीच मागितली. "या वेळी ठरल्याच्या निम्मंच देते, तेही थोडे दिवस. मग बंद."

"आणि नाही जमलं तर?"

"तर विषय सोडते. पण जे झालं तेच लिहून."

मॅडमनी मला खोट्या आकड्यावर रेघ मारायला लावली, शेजारी खरा आकडा, खाली माझी सही. सही वाळायच्या आत म्हणाल्या, "जा, नळी काढ."