फरगान्याची अंगाई

अंगात येणं, झपाटणं असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. कुणी सांगायला लागलं की मी सरळ हसायची. पण हे माझ्याच बाबतीत घडलंय... सोलापुरात, सत्तरच्या दशकात.

टेलिफोन ऑफिसातली नोकरी सांभाळून मी नवी पेठेतल्या एका हौशी नाट्यमंडळात काम करायची. त्या वर्षी उझबेक कलावंत शहरात येणार होते. त्यांच्या देशातल्या फरगाना खोऱ्याकडच्या रंगभूमीचं एक जुनं नाटक मराठीत आलं होतं, तेच त्यांच्यासमोर करायचं ठरलं. कापूस वेचणारी आई, युद्धावरून न परतलेला मुलगा. शेवटी ती त्याच्या लहानपणच्या पाळण्यापाशी अंगाई म्हणते. आमच्याकडे शब्द होते, चाल नव्हती. दिग्दर्शक नानांनी ओवीची चाल लावली.

आईचं काम माझ्याकडे होतं. अडचण एकच — मी ठार बेसूर.

"बाई, तुमचा सूर लई भटकतो," नाना म्हणाले. "आपल्या मंडळातली सरोजा गाती चांगली, ती विंगेतनं गाईल. तुमी नुसते ओठ हलवा की."

मला ते फार लागलं. नाटकात पोर माझं गेलंय आणि रडायचं दुसरीनं? "आई मी आहे, गाणारही मीच," असं सांगून टाकलं. रोज घसा फोडला, सूर काही लागला नाही. नानांनी सरोजाला विंगेत उभं केलंच.

प्रयोगात पाळण्यापाशी बसून मी तोंड उघडलं आणि भलतीच चाल आली... लांब, हेलकावे घेणारी. मी ती कधी ऐकली नव्हती, पण गळ्याला सगळी वळणं ठाऊक होती. पेटीवाला वाजवायचा थांबला.

पडदा पडल्यावर सगळे सरोजाचं कौतुक करायला धावले. ती घाबरून गेली होती. "मी तोंडच उघडलं नाही, अक्का. तुम्हीच गायलात की."

तेवढ्यात दुभाष्यासोबत एक वयस्कर पाहुणे आत आले. तरुणपणी ते याच नाटकात मुलाचं काम करायचे. त्यांनी सांगितलं, ही चाल तिथं आईचं काम पहिल्यांदा करणाऱ्या नटीची स्वतःची होती. कुणीच ती उतरवून घेतली नाही. त्या वारल्यावर नाटक चालू राहिलं, अंगाई मात्र नुसती बोलली जायची. पुन्हा म्हणाल का, असं त्यांनी विचारलं.

भीती वाटत होती. पण म्हटलं, आता ही चाल यांना देऊनच उठायचं. मेकअपच्या खोलीत मी एकेक ओळ म्हणत राहिले, त्यांच्या गळ्यात बसेपर्यंत. शेवटी त्यांनी ती एकट्यानं म्हटली. त्यांच्या मागोमाग मी सूर लावला — आणि माझा तोच बेसूर आवाज निघाला. ती चाल मला पुन्हा कधीच आठवली नाही.

निघताना माझ्या वडिलांच्या वयाचे ते गृहस्थ माझ्यापुढे वाकले आणि त्यांच्या भाषेत एकच शब्द बोलले. दुभाषी म्हणाला, "'आई' म्हणाले."

ते माझ्याशी बोलत होते की त्या बाईंशी, हे मला आजही सांगता येत नाही.